कोलोरॅडोच्या रानात एल्कची पहिली शिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींकडून एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. विचारणारे बहुतेक सह्याद्रीत भटकलेले असतात, पण बंदूक किंवा धनुष्य कधी हातात धरलेले नसते. त्यांच्यासाठी ही उत्तरे एकत्र केली आहेत. ती कोलोरॅडो राज्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, कारण जगात सर्वाधिक एल्क तिथे आहेत (अडीच लाखांच्या वर) आणि नवख्याला परवाना मिळण्याची शक्यताही तिथे बरी असते. इथे रानातली शिकार म्हणजे गाडीरस्ता सोडून पायी आत जायचे, तंबू ठोकायचा आणि सरकारी जंगलात मोकळ्या जनावराचा माग काढायचा.

वाचताना एक आकडा लक्षात असू द्या. हाडे काढल्यावर एका नर एल्कचे मांस साधारण ८० ते १०० किलो भरते आणि ते तुमच्याच पाठीवरून खाली यायचे आहे. कुठे जायचे, कोणाबरोबर जायचे, किती आत जायचे, गोळी झाडायची की नाही, हे सगळे त्या वजनावर ठरते.

एल्क म्हणजे नेमका कोणता प्राणी? आपल्या सांबरासारखा का?

जवळचा नातेवाईक म्हणा. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. काश्मीरचा हंगूल याच कुळातला आहे. अंगाचा रंग फिकट तपकिरी, मान गडद आणि केसाळ, पार्श्वभाग पिवळसर पांढरा. तो पांढुरका डाग दूरवरूनही दिसतो. एल्क कळपाने राहतात. पहाटे आणि संध्याकाळी उघड्या कुरणात चरतात, दिवस वर आला की उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावरच्या दाट झाडीत जाऊन बसतात. डोळे चांगले, कान त्याहून चांगले, आणि नाकाशी तर आपला सामना होऊच शकत नाही.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला रायफल हातात घेता येते का?

हा प्रश्न सर्वांत आधी सोडवा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला (एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, सगळे यात आले) बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. याला असलेल्या अपवादांपैकी आपल्या कामाचा एक : तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना हवा. म्हणजे क्रम उलटा लागतो. आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल उसनी घेणे किंवा सरावाच्या मैदानावर भाड्याने घेणे हेही ‘बाळगणे’च ठरते. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

ग्रीन कार्ड असलेल्यांना हा नियम लागू नाही. धनुष्यबाण या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही, म्हणून व्हिसावरचे काही जण त्या वाटेने जातात. तरीही इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. इथे चुकलात तर दंडावर भागत नाही, तुमचे या देशातले राहणेच धोक्यात येते. पाच-सात वर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तयारी कधीपासून सुरू करावी?

शिकार ऑक्टोबरात असेल तर आदल्या डिसेंबर-जानेवारीपासून. परवाने सोडत काढून वाटले जातात, आणि कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याच्या मुख्य सोडतीचे अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतात. अर्ज करण्याआधी लहान प्राण्यांच्या किंवा टर्की पक्ष्याच्या शिकारीचा असा एखादा पात्रता परवाना घ्यावा लागतो. सोडतीत नंबर लागला नाही तर दुसरी सोडत असते आणि ऑगस्टमध्ये उरलेले परवाने विक्रीला येतात. याशिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामासाठी नराचे परवाने अनेक भागांत सोडतीविना थेट विकत मिळत आले आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी बरेच जण याच दाराने आत शिरतात. धनुष्यबाणाच्या हंगामाचे मात्र २०२५पासून बदलले आहे, बाहेरच्या राज्यातल्यांना आता सोडतीतूनच जावे लागते. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचीच.

शिकारीचे शिक्षण सक्तीचे आहे का?

हो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ‘हंटर एज्युकेशन’चे प्रमाणपत्र लागते, त्याशिवाय परवाना मिळत नाही. दुसऱ्या राज्यात घेतलेले प्रमाणपत्र चालते. केवळ कागद मिळवायला म्हणून हा अभ्यासक्रम उरकू नका. बंदुकीची नळी कुठे रोखलेली असावी, कुंपण ओलांडताना काय करावे, लक्ष्यामागे काय आहे ते का पाहावे, हे सगळे तिथे शिकवतात. हिवाळ्यात हा अभ्यासक्रम पुरा करा.

खर्च किती येतो?

फरक पडतो तो राहण्याच्या ठिकाणामुळे. कोलोरॅडोच्या रहिवाशाला एल्कचा परवाना साठ-सत्तर डॉलरच्या आसपास पडतो, बाहेरच्याला आठशेच्या वर. रहिवासी ठरायला तिथे सलग सहा महिने वास्तव्य लागते. वाटाड्या घेऊन जायचे तर काही हजार डॉलर मोजावे लागतात. सामानात बूट, पाठपिशवी आणि दुर्बीण यांवर हात सैल सोडा, बाकी सगळे जुने, उसने किंवा स्वस्तातले चालते. रंगीबेरंगी छापाचे महागडे शिकारी कपडे पहिल्या वर्षी तरी घेऊ नका. एल्क कपड्यांच्या नक्षीने फसत नाहीत.

पहिल्या वेळी कोणता हंगाम निवडावा?

सप्टेंबरात धनुष्यबाणाचा हंगाम असतो. तेव्हा नर माजावर आलेले असतात, दऱ्या त्यांच्या शीळ घातल्यासारख्या लांब आरोळ्यांनी भरून जातात आणि हवाही सुखाची असते. पण बाण मारायला तीस-चाळीस यार्डांपर्यंत पोचावे लागते, आणि उबदार हवेत मांस पटकन बिघडते. रायफलचे हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चार टप्प्यांत येतात. तोवर माज ओसरलेला असतो, नर गप्प आणि एकटे पडतात, आणि माणसांची वर्दळ सुरू झाली की अडचणीच्या जागी दडी मारतात.

माझे मत विचाराल तर पहिल्यांदा रायफल, दुसरा किंवा तिसरा हंगाम. मादीचा परवाना मिळत असेल तर आणखी उत्तम. मांस चांगले, ओझे कमी, आणि शिंगांच्या मोहापायी चुकीची गोळी झाडण्याचा धोका नाही. मादीचा परवाना कमीपणाचा मानणाऱ्यांचे ऐकू नका.

जागा कशी शोधायची? कुठेही शिरता येते का?

पश्चिमेकडच्या राज्यांत राष्ट्रीय वनांची आणि सरकारी भूमी विभागाची कोट्यवधी एकर जमीन सर्वांसाठी खुली आहे. कोलोरॅडोत व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वन आणि त्यातले फ्लॅट टॉप्स पठार एल्कसाठी प्रसिद्ध आहे, नैर्ऋत्येला सान हुआन वन आहे. राज्य छोट्या छोट्या ‘गेम मॅनेजमेंट युनिट’मध्ये विभागलेले असते आणि परवाना ठरावीक युनिटांपुरताच चालतो. सीमा पावलागणिक बघाव्या लागतात, त्यासाठी फोनमध्ये जमिनीची मालकी दाखवणारा नकाशा आधीच उतरवून ठेवा, तिथे रेंज नसते. सोबत कागदी नकाशा आणि होकायंत्रही घ्या. कोलोरॅडोत खासगी मालकाने पाटी लावली नसली तरी परवानगीशिवाय आत शिरणे हा गुन्हाच आहे.

नकाशावर काय बघायचे? पाणी, उघडे कुरण आणि उत्तर उतारावरची दाट झाडी ही तिन्ही एकमेकांपासून चालत अर्ध्या तासाच्या आत असतील अशी ठिकाणे. गाडीरस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आणि मधे एखादी खडी सोंड किंवा घळ असेल तर बहुतेक माणसे तिथवर जात नाहीत. अशा चार-पाच जागा निवडा. दोन दिवसांत ताजी लीद, ताजे ठसे, ओले खरवडलेले झाड असे काहीच दिसले नाही तर मुक्काम हलवा. रिकाम्या दरीत आशेने बसून राहण्यात नवख्यांचा निम्मा आठवडा जातो. ड्रोनने टेहळणी करणे बेकायदा आहे.

शेजारच्या वायोमिंगचा विचार करत असाल तर एक नियम माहीत असू द्या : बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथल्या संघीय ‘विल्डरनेस’ क्षेत्रात (रस्ते नसलेल्या राखीव रानात) एल्कची शिकार करायची तर परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला रहिवासी सोबत लागतो.

मी दर पावसाळ्यात ट्रेक करायचो. तेवढी तयारी पुरेल?

पायांना सवय आहे हा मोठा फायदा आहे, पण उंचीचा हिशेब वेगळा आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. डेन्व्हर शहर १६०९ मीटरवर आहे. म्हणजे विमानतळावर उतरलात की जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याशी उभे आहात, आणि एल्क भेटतात २७०० ते ३५०० मीटरच्या पट्ट्यात.

जानेवारीपासून आठवड्यात चार दिवस चालणे किंवा धावणे, आणि त्यांतले दोन दिवस पाठीवर ओझे घेऊन चढ. ओझे दहा किलोंपासून सुरू करून उन्हाळ्याअखेर पंचवीस किलोंपर्यंत न्या. ह्यूस्टन किंवा शिकागोसारख्या सपाट गावात राहत असाल तर वाहनतळाच्या इमारतीचे जिने चढा-उतरा. उतरण्याचा सराव विसरू नका. मांस उतारावरूनच यायचे असते आणि गुडघे तिथेच जातात. ट्रेकमध्ये आपण वाट धरून चालतो. इथे वाट नसते, पडलेली झाडे ओलांडत, पहाटेच्या अंधारात, आवाज न करता चालायचे असते. म्हणून आठवड्याअखेरीला एकदा तरी वाट सोडून चाला.

विरळ हवेचा त्रास कसा टाळावा?

दोन दिवस आधी पोचा आणि पहिली रात्र मध्यम उंचीवर काढा. भरपूर पाणी प्या, पहिले दोन दिवस दारू नको. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर चढू नका. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकल्यात फेस येऊ लागला तर रात्र असो वा दिवस, ताबडतोब खाली उतरा. शिकार सोडून द्यायची. यावरची औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर जाण्याआधी तपासणी करून घ्या.

रायफल कोणती घ्यावी?

कायद्याने एल्कसाठी किमान पॉइंट २४ कॅलिबर (म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात), ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) वजनाची आणि आत गेल्यावर पसरणारी गोळी लागते. व्यवहारात २७०, ३०८, थर्टी-ओ-सिक्स, ६.५ क्रीडमूर यांपैकी कोणत्याही काडतुसाची रायफल चालते. जी खांद्याला सोसते आणि जिच्यावर तुम्ही डोळे मिटत नाही ती तुमची. मोठ्या धक्क्याची मॅग्नम घेऊन दचकत गोळी मारण्यापेक्षा मध्यम रायफलने शांतपणे मारलेली गोळी जनावरासाठी शंभरपट बरी.

टेबलावर रायफल टेकवून नेम जुळवणे ही सुरुवात झाली. नंतरचा सगळा सराव बसून, गुडघ्यावर, पाठपिशवीवर टेकवून, आणि शंभर पावले धावत जाऊन धाप लागलेली असताना करा.

किती लांबून गोळी मारावी?

फुप्फुस आणि हृदयाचा पट्टा साधारण जेवणाच्या ताटाएवढा असतो. ज्या अंतरावर तुम्ही रानातल्या बैठकीतून दहापैकी दहा वेळा त्या ताटात गोळी घालू शकता, ते तुमचे अंतर. बहुतेक नवख्यांसाठी ते दोनशे यार्डांच्या आत असते. जनावर आडवे, कुशी दाखवत उभे असेल किंवा किंचित तिरके, तोंड पलीकडे करून असेल तेव्हाच मारा. समोरून, पाठीमागून, पळताना किंवा कळपाच्या गर्दीत नको.

अंतराइतकाच दुसरा प्रश्न : ते जिथे पडेल तिथून तुम्ही त्याला आणू शकाल का? खाली घळीच्या तळाशी, काळोख पडायला वीस मिनिटे उरलेली, आणि तुम्ही एकटे. अशा वेळी बोट चापावरून काढून घेणारा माणूस चांगला शिकारी. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी कायद्याची वेळ आहे, पण शेवटची पाच मिनिटे कायद्याने दिली म्हणून वापरलीच पाहिजेत असे नाही.

सगळे जण वाऱ्याबद्दलच का बोलत असतात?

कारण एल्कने तुम्हाला पाहिले तर तो थबकून दोनदा बघतो, वास आला तर पुन्हा बघत नाही. डोंगरात वारा दिवसभरात दिशा बदलतो. रात्रभर गार झालेली जड हवा पहाटे उतारावरून खाली घरंगळत असते, म्हणून सकाळी चढत जाताना ती तुमच्या तोंडावर येते. ऊन उतारावर पडले की तासाभरात तीच हवा तापून वर चढू लागते आणि तुमचा वास डोक्यावरच्या झाडीत बसलेल्या कळपाकडे नेते. संध्याकाळी पुन्हा उलटते. मधला, ऊन नुकते पडतानाचा काळ सर्वांत अवघड, कारण हवा कुठेही भोवंडते. अनुभवी माणसे त्या वेळी जागच्या जागी बसून राहतात.

खिशात बारीक पावडरची छोटी बाटली ठेवा आणि दर काही मिनिटांनी एक फुंकर हवेत सोडा. पांढरा धूर आधी तुमच्याकडे येतो, मग झाडाच्या बुंध्यापाशी थांबून वळतो, कधी वीस पावलांवर एकदम खाली बसतो. त्या धुराकडे बघत चालायला शिकलात की कळपापर्यंत पोचण्याची वाट आपोआप कळू लागते. अंगाचा वास घालवणाऱ्या साबणांवर आणि फवाऱ्यांवर पैसे घालवू नका, वारा सांभाळा.

कपडे आणि सामान काय असावे?

ऑक्टोबरात दुपारी शर्टावर फिरता येते आणि त्याच रात्री उणे दहा अंश होऊन सकाळी गुडघाभर बर्फ पडलेले असू शकते. सुती कपडे पूर्ण वर्ज्य, अंगावरची जीन्ससुद्धा. ओले सुती कापड थंडीत जीव घेते. आतून लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस किंवा पिसांचे जाकीट, त्यावर पाणी आणि वारा अडवणारे कवच. चढताना एक थर काढून ठेवायचा, घाम येऊ द्यायचा नाही. बूट दोन महिने आधी घेऊन, वापरून पायाला सवयीचे करून ठेवा.

रायफलच्या हंगामात कमरेच्या वरच्या अंगावर किमान ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. उणे अठरापर्यंत चालेल अशी झोपपिशवी, दोन हेडलॅम्प, आग पेटवायची दोन वेगळी साधने, प्रथमोपचार, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घ्या. पाण्याचा गाळक रात्री झोपपिशवीत घ्या, गोठला की निकामी होतो. खाण्याचे म्हणाल तर दिवसाला साडेतीन-चार हजार कॅलरी लागतात. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, मेतकूट-भाताचे सुके मिश्रण, तूप लावून भाजलेल्या दशम्या, हे सगळे रानात तिथल्या महागड्या पाकिटांपेक्षा चांगले टिकते.

एकट्याने जाऊ का?

पहिल्यांदा नको. दोघे किंवा तिघे जा, आणि त्यातला एक जण आधी जाऊन आलेला असेल तर फार बरे. कुठे गाडी लावणार, कुठे मुक्काम, किती तारखेला किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा, हे लिहून घरी ठेवा. कोलोरॅडोत शोध आणि बचावाचे काम करणारी पथके बहुतांशी स्वयंसेवकांची आहेत, आणि शिकारीच्या परवान्याच्या पैशातला काही भाग त्यांच्या निधीत जातो.

अस्वलांचे काय?

कोलोरॅडोत काळी अस्वले आहेत, ग्रिझली (मोठी तपकिरी अस्वले) नाहीत. वायव्य वायोमिंग आणि माँटानात ग्रिझली आहेत, तिथे अस्वलाला पळवून लावणारा फवारा कमरेला लागलेला हवा, पिशवीत नव्हे. दोन्हीकडे अन्न तंबूपासून लांब, झाडाला उंच टांगून ठेवा. मारलेले जनावर रात्रभर सोडावे लागले तर मांस आतड्यांच्या ढिगापासून शंभर पावले तरी दूर न्या, आणि सकाळी दुरून, वाऱ्याच्या बाजूने, आवाज करत परत या.

एल्क आणि मूस यांत गडबड होऊ शकते?

होते, आणि चुकून मूस मारणाऱ्याला जबर दंड होतो. मूस हे एल्कहून मोठे हरिण, जवळजवळ काळा, नाक फुगीर आणि लांब, गळ्याखाली कातडीची लोळी, पाय उंच. एल्कची मान गडद, अंग फिकट, पार्श्वभाग पांढुरका. नराचे नियमही बघा : अनेक युनिटांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोके किंवा कपाळालगतचे टोक पाच इंचांचे असेल तरच तो मारता येतो. दुर्बिणीतून मोजा. रायफलच्या दुर्बिणीतून ओळख पटवायला जाऊ नये, कारण ती रोखली की नळीही रोखली जाते आणि समोर माणूस असू शकतो.

गोळी लागली. आता काय?

जिथे जनावर उभे होते ती जागा डोळ्यांनी एखाद्या झाडाशी बांधून ठेवा. लगेच दुसरी गोळी भरा आणि बघत राहा. उभे असेल तर पुन्हा मारा. दृष्टीआड झाले तर अर्धा तास थांबा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, ते जवळच पडलेले असते. गडद तांबडे म्हणजे यकृत, तासभर किंवा अधिक थांबा. हिरवट, घाण वास येणारा द्रव म्हणजे पोट, तिथे कित्येक तास थांबावे लागते, नाहीतर घायाळ जनावर उठून दूर जाते आणि हाताला लागत नाही. रक्ताच्या प्रत्येक थेंबापाशी कापडाची खूण बांधत जा. माग सुटला तर अंधार होईपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीही शोधायचे. ते तुमच्यावर देणे आहे.

सापडले की आधी परवान्याबरोबर आलेल्या टॅगवर सही आणि तारीख घाला, मग सुरी.

सोलायचे कसे? मी कोंबडीसुद्धा कापलेली नाही.

पोट न फोडता मांस काढायची रीत शिका, एकट्या-दुकट्याला ती सोपी पडते. जनावर कुशीवर लोळवा, पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत कातडीत सरळ चीर द्या आणि कातडे पोटाकडे सोलत आणा. ते खाली पसरले की मांस ठेवायला स्वच्छ अंथरूण मिळते. पुढचा फरा कोणत्याही सांध्याने बरगड्यांना जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंनी असतो. पाय वर उचलून धरा, सुरी बगलेतून फिरवा, सुटून हातात येतो. मागच्या मांडीला कमरेच्या हाडालगत कापत जा, खुब्याची गोटी लागते, तिथली शीर तोडली की मांडी मोकळी. मग कण्यालगतची लांब पट्टी, मानेचे मांस, आणि शेवटी बरगड्या संपतात तिथून हात आत घालून कण्याच्या आतल्या बाजूची मऊ पट्टी. जनावर उलटा आणि दुसऱ्या बाजूला हेच करा. दोन नवखी माणसे असतील तर तीन-चार तास लागतात.

लिंग ओळखता येईल असा अवयव एका मांडीला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, हा कायदा आहे. चारही पाय, पाठीच्या आणि आतल्या पट्ट्या रानात टाकून येणे गुन्हा आहे. मांस लगेच जाळीदार कापडी पिशव्यांत भरून सावलीत, हवेत टांगा. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका, आत वाफ धरते. मांडीच्या हाडाभोवती उष्णता सर्वांत जास्त वेळ टिकते आणि मांस तिथूनच आतून आंबते, त्यामुळे हवा उबदार असेल तर हाडे तिथेच काढून टाका.

हे सगळे वाचून येत नाही. गावात बोकड कापणाऱ्या खाटकाकडे एक सकाळ उभे राहा, किंवा अमेरिकेत एखाद्या शेतकऱ्याकडे हरिण सोलायला मदत करा.

मांस खाली आणायला किती फेऱ्या?

एका माणसाला नराच्या पाच तरी. मुक्काम गाडीपासून पाच किलोमीटरवर असेल तर पाच वेळा भरून जाणे आणि चार वेळा रिकामे परत येणे, म्हणजे ४५ किलोमीटर, त्यातले निम्म्याहून अधिक ओझ्याखाली. तिघे असाल तर दोन फेऱ्यांत उरकते. म्हणूनच तीन किलोमीटरच्या पलीकडे पहिल्या वेळी जाऊ नये असे माझे ठाम म्हणणे आहे, आणि जायचेच तर घोड्यांवरून मांस आणणाऱ्या स्थानिक माणसाशी आधी बोलून ठेवावे. शिंगे शेवटच्या फेरीत. आधी मांस.

एल्कच्या मांसात रोग असतो म्हणतात, ते खरे का?

‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा हरणांच्या मेंदूचा रोग कोलोरॅडोत १९६७ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि तो आजही तिथल्या कळपांत आहे. माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी आरोग्य यंत्रणा बाधित मांस खाऊ नका असेच सांगतात. डोके तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस शीतकपाटात वेगळे ठेवा. काही युनिटांत तपासणी सक्तीची असते. सोलताना मेंदू आणि पाठीचा कणा फोडू नका, हातमोजे घाला.

पहिल्याच वेळी एल्क मिळेल का?

बहुधा नाही. कोलोरॅडोत एकूण पाचांतल्या एकाच्या आसपास शिकाऱ्यांना यश मिळते, त्यात जुने जाणते आणि वाटाड्या घेतलेलेही आले. पहिल्या वर्षी कळप दिसला, वारा समजला आणि नीट घरी आलात तर वर्ष चांगले गेले.

आई-बाबा विचारतात, मारायचेच कशाला?

त्यांचा प्रश्न योग्य आहे, त्याला टाळू नका. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते तिथे आवश्यकच होते. इथली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार, बाजारासाठी केलेल्या शिकारीने कोलोरॅडोत एल्क नावापुरते उरले होते. वायोमिंगमधून कळप आणून सोडले, शिकार परवान्यांत बांधली, आणि १९३७च्या संघीय कायद्याने बंदुका व काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला. आज परवान्यांचा पैसा हाच राज्य खात्यांचा मोठा आधार आहे. शिवाय तुम्ही मांस खात असाल तर त्यातले एक जनावर तरी स्वतःच्या हाताने, त्याच्या रानात, जबाबदारी घेऊन आणावे असे मला मनापासून वाटते. घरात कोणी शाकाहारी असेल तर मांसासाठी वेगळे शीतकपाट घ्या, आणि शिंगे दिवाणखान्यात लावण्याआधी त्यांना विचारा.

मांस किंवा शिंगे भारतात नेता येतील का?

त्या भानगडीत पडू नका. वन्यजीवांचे अवयव आणि मांस भारतात आणण्यावर कडक निर्बंध आहेत आणि विमानतळावर जप्तीसह गुन्हा दाखल होऊ शकतो. अमेरिकेच्या आत विमानाने नेताना मांस गोठवून शीतपेटीत भरा. रायफल कुलूपबंद, कडक पेटीत, रिकामी करून, काउंटरवर सांगूनच सामानात द्यावी लागते.

शिजवायचे कसे?

एल्कच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून मटणाच्या सवयीने तासभर उकळलेत तर चामडे होते. पाठीची पट्टी तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी चटकन भाजा आणि आत गुलाबी असतानाच उतरवा. पुढचे फरे आणि मान मात्र मंद आचेवर तीन-चार तास, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, काळ्या मसाल्यासह. खिम्यात थोडी बोकडाची चरबी मिसळा आणि तो पूर्ण शिजवा. कोणतेही मांस शिजवण्याआधी पांढरी पातळ झिल्ली सुरीने काढून टाका, उग्र वास बहुतेक तिथेच असतो.